पेपर टेबलावरूनच परत येऊ नये म्हणून: भूगोलाच्या नियतकालिकाला शोधनिबंध पाठवण्याचा क्रम

नाशिक जिल्ह्यावर भूगोलाचे पेपर कमी लिहिले जात नाहीत. द्राक्षांखालचं क्षेत्र, गोदावरीचे पूर, इगतपुरी ते येवला पावसात पडणारा फरक, शहराची वाढ, लासलगावचा कांदा असे विषय संपता संपत नाहीत. तरी त्यातले बरेच पेपर समीक्षकापर्यंत पोचतच नाहीत, संपादकाच्या टेबलावरूनच परत येतात. कारण बहुतेक वेळा विषयात नसून क्रमात असतं. आधी पेपर लिहून होतो, मग तो कुठे टाकायचा याची शोधाशोध सुरू होते. नकाशा शेवटच्या रात्री बनतो आणि नियमावली पेपर परत आल्यावर वाचली जाते.

खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. पहिला आणि तिसरा टप्पा सगळ्यांत जास्त वेळ खातात, त्यांना तो द्या.

## टप्पा १: आधी प्रश्न, लगेच नियतकालिक

'निफाड तालुक्यातील भूमी उपयोजनातील बदल: एक भौगोलिक अभ्यास' हे शीर्षक अहवालाचं आहे. त्यातून संपादकाला एवढंच कळतं की तालुक्यात बदल झाला. बदल कुठल्या तालुक्यात होत नाही? प्रश्न असा हवा की ज्याने नाशिक कधी पाहिलं नाही त्यालाही उत्तर जाणून घ्यावंसं वाटेल. उदाहरणार्थ, कालव्याचं पाणी मिळणाऱ्या गावांत आणि नुसत्या विहिरी-बोअरवर चालणाऱ्या गावांत द्राक्षबागा सारख्याच वेगाने वाढतात का? असा प्रश्न घेतला की निफाड हे प्रश्न तपासण्याचं ठिकाण होतं. 'एक भौगोलिक अभ्यास', 'विशेष संदर्भासह' ही शेपटं छाटून टाका.

प्रश्न एका वाक्यात आणि त्याचं उत्तर एका वाक्यात लिहून फाइलच्या माथ्यावर ठेवा. उत्तराचं वाक्य जमत नसेल तर पेपर अजून तयार नाही, विश्लेषणाकडे परत जा.

आता नियतकालिक. तीन नावं काढा आणि पसंतीचा क्रम लावा. प्रादेशिक आणि भारतीय प्रश्नांसाठी पुण्याहून निघणारं 'ट्रान्झॅक्शन्स ऑफ द इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन जिऑग्राफर्स', कोलकात्याचं 'जिऑग्राफिकल रिव्ह्यू ऑफ इंडिया', वाराणसीचं 'नॅशनल जिऑग्राफिकल जर्नल ऑफ इंडिया' पाहा. उपग्रह प्रतिमांवरचं पद्धतीचं काम असेल तर 'जर्नल ऑफ द इंडियन सोसायटी ऑफ रिमोट सेन्सिंग' जवळचं. प्रश्न खरोखर व्यापक असेल तर 'जिओजर्नल' किंवा 'अप्लाइड जिऑग्राफी'. प्रत्येकाचे गेल्या दोन वर्षांचे अंक चाळा. तुमच्या प्रश्नाच्या आसपासचे दोन-तीन लेखही सापडले नाहीत तर ते नाव खोडा. सापडले तर ते नीट वाचा, कारण तुमची चर्चा त्यांच्याशीच बोलणार आहे.

निवड पक्की झाली की त्या नियतकालिकाची लेखकांसाठीची सूचनावली छापून घ्या आणि चार गोष्टींवर खूण करा: शब्दमर्यादा (त्यात संदर्भ धरतात की नाही हेही), संदर्भशैली, आकृत्यांची कमाल संख्या आणि समीक्षा निनावी आहे की नाही.

सावध: विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) केअर ही मान्य नियतकालिकांची यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. 'आम्ही केअरमध्ये आहोत' एवढ्याच भांडवलावर पेपर मागणारं नियतकालिक जुन्या शिक्क्यावर गिऱ्हाईक ओढतंय. कॅसच्या (प्राध्यापकांच्या बढतीच्या योजनेतल्या) पदोन्नतीला काय चालेल ते विद्यापीठाच्या ताज्या परिपत्रकात बघा, स्टाफरूममधल्या चर्चेवर जाऊ नका. पीएचडीचंही तसंच. प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट २०२२ च्या यूजीसी नियमांत उरलेली नाही, पण तुमच्या विद्यापीठाने स्वतःची अट ठेवली आहे का ते संशोधन केंद्रात विचारा.

तपासा:
- आयएसएसएन (नियतकालिकाचा ओळख-क्रमांक) आंतरराष्ट्रीय आयएसएसएन पोर्टलवर टाका. तिथलं नाव आणि संकेतस्थळावरचं नाव तंतोतंत जुळलं पाहिजे.
- 'स्कोपस इंडेक्स्ड' (स्कोपस या संशोधन-लेखांच्या सूचीत नोंदलेलं) हा शिक्का संकेतस्थळावर कोणीही चिकटवू शकतो. स्कोपसच्या स्वतःच्या यादीत शोधा आणि नोंदणी मध्येच थांबवलेली नाही ना तेही बघा.
- नामांकित नियतकालिकांच्या हुबेहूब नकली साइट असतात. व्हॉट्सअॅपवर आलेल्या लिंकवरून पेपर पाठवू नका, प्रकाशकाच्या पानावरून आत जा.
- सात दिवसांत प्रकाशनाची हमी, फी कोणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर, आणि एकाच अंकात भूगोल, वाणिज्य, रसायनशास्त्र नि मराठी कविता: यातलं एक जरी दिसलं तरी मागे फिरा.

## टप्पा २: नावं आणि परवानग्या

लेखकांची नावं, त्यांचा क्रम आणि पत्रव्यवहार करणारा लेखक हे लिखाण सुरू होण्याआधी ठरवा आणि सगळ्यांना एक मेल टाकून पक्कं करा. ज्यांनी आराखडा, विश्लेषण किंवा लेखन यांत काम केलंय तेच लेखक. विभागप्रमुख आहेत म्हणून नाव घालायचं, ही पद्धत आता बऱ्याच ठिकाणी अंगाशी येते, कारण अनेक नियतकालिकं प्रत्येकाने नेमकं काय केलं ते लिहून मागतात.

नाव कसं लिहायचं तेही एकदाच ठरवा. आडनाव आधी लिहायच्या आपल्या सवयीमुळे एकाच माणसाचे पेपर तीन वेगवेगळ्या नावांखाली नोंदले जातात. ऑर्किड हा संशोधकाचा कायमचा ओळख-क्रमांक फुकट मिळतो, तो काढा आणि त्यावरचंच नाव सगळीकडे वापरा. मेल आयडी असा द्या जो पीएचडी संपल्यावरही चालू राहील.

घरोघरी प्रश्नावली भरून घेतली असेल तर संस्थेच्या नीतिमत्ता समितीची मंजुरी आणि उत्तरदात्यांची संमती लागते. ती सर्वेक्षणाआधीची हवी, नंतरच्या तारखेचं पत्र संपादक मानत नाही. शेतकऱ्याच्या बागेचे नेमके अक्षांश-रेखांश तक्त्यात दिले की माणूस ओळखू येतो, म्हणून असे बिंदू गावपातळीवर दाखवा.

## टप्पा ३: आकडे आणि नकाशे

भूगोलाच्या पेपरात संपादक आधी नकाशे बघतो. म्हणून मजकुराआधी हे संपवा.

अंश आणि मिनिटं. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक ही. मालेगाव २०°३३′ उत्तर, ७४°३२′ पूर्व. एक्सेलमध्ये ते २०.३३ आणि ७४.३२ असं भरलं जातं. मिनिटांना ६० ने भागायचं असतं. बरोबर आकडे २०.५५ आणि ७४.५३. चुकीच्या आकड्यांनी मालेगावचा बिंदू तीसेक किलोमीटर नैर्ऋत्येला सरकून चांदवडच्या जवळ जाऊन बसतो. नकाशा तरीही ठीकठाक दिसतो, म्हणून चूक कोणाच्या लक्षात येत नाही. एक साधी खूण: तुमच्या दशांश आकड्यांत .६० च्या पुढचं एकही मूल्य नसेल तर तक्ता संशयास्पद आहे.

प्रक्षेपण. क्षेत्रफळ अंशांच्या प्रणालीत मोजू नका. नाशिक जिल्हा यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपण प्रणालीच्या ४३ उत्तर पट्ट्यात येतो. सगळे थर ईपीएसजी ३२६४३ (या पट्ट्याचा सांकेतिक क्रमांक) वर आणा आणि मगच हेक्टर काढा. पद्धतीच्या भागात हा क्रमांक लिहा. स्थलनिर्देशक नकाशा (टोपोशीट) वापरला असेल तर पत्रकाचा क्रमांक आणि सर्वेक्षणाचं वर्ष द्या. नाशिक शहर ४७ई/१३ आणि ४६एच/१६ या दोन पत्रकांच्या सीमेवर आहे. एकाच पत्रकाचा उल्लेख करून पूर्ण शहराचा नकाशा दाखवलात की जाणकार समीक्षक लगेच विचारणार.

तालुक्यांच्या सीमा. आज जिल्ह्यात १५ तालुके आहेत. १९९१ च्या जनगणनेत त्र्यंबकेश्वर आणि देवळा हे स्वतंत्र तालुके नव्हते. त्यामुळे १९९१ आणि २०११ ची तालुकावार तुलना सरळ केली तर मूळ तालुक्यांची लोकसंख्या प्रत्यक्षाहून कमी वाढल्यासारखी किंवा घटल्यासारखी दिसते आणि मग चर्चेत 'स्थलांतर' हे कारण येतं. तुलना करायचीच तर गावनिहाय आकडे घेऊन जुन्या सीमांवर एकत्र करा. नावांचंही तसंच आहे. जनगणनेतलं 'पेइंट' म्हणजे आपलं पेठ. बागलाण तालुका आणि सटाणा हे त्याचं मुख्यालय. मजकुरात एक, नकाशावर दुसरं आणि तक्त्यात तिसरं असं होऊ देऊ नका.

एककं. गुंठा, एकर, टीएमसी, दलघफू, क्युसेक हे नाशिकच्या बातम्यांत चालतं, परदेशी समीक्षकापुढे चालत नाही. ४० गुंठ्यांचा एक एकर, २.४७ एकरांचा एक हेक्टर. एक टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे १००० दलघफू (दशलक्ष घनफूट), म्हणजेच २८.३२ दलघमी (दशलक्ष घनमीटर). ३५.३१ क्युसेकचा (घनफूट प्रति सेकंद) एक घनमीटर प्रति सेकंद. लाख-कोटींऐवजी पूर्ण आकडा किंवा दशलक्ष. रूपांतर तक्त्याच्या पातळीवर एकदाच करा. मजकूर लिहिताना मध्येच केलेलं रूपांतर हमखास चुकतं.

प्रतिमेची तारीख. नाशिकच्या द्राक्षावर काम करणाऱ्यांनी हे आधी वाचावं. इथे वर्षातून दोन छाटण्या होतात: एप्रिलच्या आसपास खरड छाटणी आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये फळछाटणी. छाटणीनंतर काही दिवस वेलीवर पान नसतं, दोन ओळींमधली माती उघडी असते आणि वनस्पती निर्देशांक (प्रतिमेवरून काढलेलं हिरवेपणाचं माप) पडीक जमिनीइतका खाली येतो. तीच बाग जानेवारीत हिरवीगार. म्हणजे २०१५ ची प्रतिमा ऑक्टोबरची आणि २०२३ ची जानेवारीची घेतली तर कोणी न लावलेल्या बागा कागदावर उगवतात. दोन्ही वर्षांत एकाच हंगामातल्या, शक्यतो एकाच पंधरवड्यातल्या प्रतिमा घ्या, आणि जमल्यास प्रत्येक वर्षाच्या दोन. पावसाळ्यात इगतपुरी-त्र्यंबक भागाच्या प्रकाशीय प्रतिमा ढगांनी भरलेल्या असतात. तिथे सेंटिनल-१ उपग्रहाच्या रडार प्रतिमा वापरा किंवा पावसाळा अभ्यासातून वगळल्याचं स्पष्ट लिहा.

जमिनीचा तुकडा आणि चौकोन. लॅन्डसॅट उपग्रहाच्या प्रतिमेचा एक चौकोन (पिक्सेल) ३० बाय ३० मीटर, म्हणजे जवळपास नऊ गुंठे. सेंटिनल-२ चा १० बाय १०, एका गुंठ्याहून किंचित कमी. लहान तुकड्यांच्या गावात लॅन्डसॅटवरून टोमॅटो आणि कांदा वेगळे केल्याचा दावा समीक्षकाला पटत नाही. लॅन्डसॅट-७ ची ३१ मे २००३ नंतरची प्रतिमा घेतली असेल तर तिच्यातल्या रिकाम्या पट्ट्यांचं काय केलं तेही लिहावं लागेल.

पावसाच्या आकड्यांनाही हाच नियम. हवामान विभागाच्या ०.२५ अंशी जाळीचा एक चौकोन साधारण २६-२७ किलोमीटरचा. त्र्यंबक ते नाशिक हे सरळ अंतरही तेवढंच. घाटमाथ्यापासून पूर्वेकडे पाऊस झपाट्याने कमी होतो, आणि नेमका तोच उतार या जाळीत सपाट होऊन जातो. उतार हाच तुमचा प्रश्न असेल तर महसूल मंडळनिहाय किंवा केंद्रनिहाय आकडे लागतील, आणि त्यातले गहाळ दिवस कसे भरले तेही सांगावं लागेल.

अचूकता. वर्गीकरणाच्या प्रत्येक वर्गाला निदान ५० पडताळणी बिंदू ठेवा. ते प्रशिक्षणासाठी वापरलेल्या बिंदूंपेक्षा वेगळे हवेत. तेच बिंदू दोन्हीकडे वापरून आलेली ९८ टक्के अचूकता हा नकाराचा सरळ मार्ग आहे. एकूण टक्केवारीबरोबर प्रत्येक वर्गाची उत्पादक-अचूकता (जमिनीवरचे किती बिंदू नकाशात बरोबर आले) आणि वापरकर्ता-अचूकता (नकाशातले किती बिंदू जमिनीवर बरोबर निघाले) द्या, आणि त्रुटी-सारणी पूर्ण छापा. नुसता कप्पा निर्देशांक (योगायोगाचा भाग वगळून काढलेलं जुळणीचं माप) देऊन आता भागत नाही.

नकाशाची मांडणी. नकाशा छापून येईल त्याच रुंदीत बनवा. स्प्रिंगरच्या मोठ्या आकाराच्या नियतकालिकांत एका स्तंभाची रुंदी ८४ मिमी आणि पूर्ण पानाची १७४ मिमी असते. १७४ मिमी आणि ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) म्हणजे साधारण २०५५ पिक्सेल रुंदी. छायाचित्राला ३०० डीपीआय पुरतात, रेघांच्या आकृतीला १००० ते १२०० मागतात. अक्षरं छापील आकारात ८ पॉइंटच्या खाली नकोत. वर्डमध्ये चिकटवलेली प्रतिमा वर्ड स्वतःच दाबून लहान करतो. म्हणून सॉफ्टवेअरमधून निघालेली मूळ टिफ किंवा पीडीएफ फाइल वेगळी जपा, वर्डमधून परत काढलेली पाठवू नका.

- प्रमाण रेघेने दाखवा. '१:५०,०००' असा आकडा आकृती लहान-मोठी झाली की खोटा ठरतो.
- दोन वर्षांची तुलना असेल तर दोन्ही नकाशांना वर्गांच्या सीमा एकच ठेवा. सॉफ्टवेअर प्रत्येक नकाशाला आपोआप वेगळ्या सीमा पाडतं आणि रंगांची तुलना निरर्थक होते.
- लाल-हिरवी जोडी टाळा. नकाशा काळ्या-पांढऱ्यात छापून बघा. वर्ग वेगळे दिसत नसतील तर रंगसंगती बदला.
- सूचीत 'निफाड_फायनल_२_नवीन' असं थराचं नाव राहून जातं. ते पुसा.
- कोपऱ्यातल्या महाराष्ट्राच्या छोट्या नकाशात पालघर वेगळा हवा. तो जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून स्वतंत्र आहे. शेजारचे जिल्हे आजच्या नावांनी दाखवा: अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर. २०११ च्या तक्त्यात मात्र तेव्हाचं नाव ठेवून खाली टीप द्या.

सावध: भारताच्या सीमा भारतीय सर्वेक्षण विभागाच्याच घ्या. इंटरनेटवरच्या फुकट सीमा-फाइलींत जम्मू-काश्मीर आणि लडाखची सीमा अनेकदा वेगळी असते. सर्वेक्षण विभागाशी न जुळणारा भारताचा नकाशा प्रकाशित करणं हा १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. कोपऱ्यातला नकाशा पेपरला आवश्यक नसेल तर तो गाळलेलाच बरा.

## टप्पा ४: लिखाण, पण सुरुवातीपासून नव्हे

आधी पद्धत लिहा, मग निष्कर्षांचे आकडे, मग चर्चा, मग प्रस्तावना. सारांश आणि शीर्षक शेवटी. प्रस्तावनेपासून सुरुवात करणाऱ्यांचे तीन आठवडे 'भूगोल म्हणजे काय' यातच जातात.

पद्धतीत प्रतिमांच्या तारखा, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि नमुना कसा निवडला ते लिहा. 'यादृच्छिक पद्धतीने १२० शेतकरी निवडले' या वाक्यावर समीक्षक हटकून थांबतो. यादी कुठली होती? तलाठ्याकडच्या सातबाऱ्यावरून काढली, सोसायटीच्या सभासदांतून काढली, की पहिल्या शेतकऱ्याने दुसऱ्याचा नंबर दिला? शेवटचं असेल तर ते यादृच्छिक नाही. साखळी पद्धत म्हणा आणि तिची मर्यादा मान्य करा. त्यात कमीपणा काहीच नाही, लपवण्यात मात्र आहे.

अभ्यासक्षेत्राचं वर्णन २५०-३०० शब्दांत आटोपा. कुंभमेळा, पंचवटी, शहराच्या नावाची व्युत्पत्ती हे प्रश्नाशी जोडलेलं असेल तरच. प्रश्न भूजलाचा असेल तर बेसॉल्टचे थर, भेगा आणि झीज झालेला भाग यांवर चार ओळी जास्त लिहा आणि रेल्वे स्थानकांची यादी काढून टाका.

निष्कर्षांत तक्ता शब्दांत परत वाचून दाखवू नका. तक्त्यातली सगळ्यांत अनपेक्षित गोष्ट सांगा आणि पुढे चला. चर्चेत पहिल्या टप्प्यात वाचलेल्या दोन-तीन लेखांशी तुमचं उत्तर कुठे जुळतं आणि कुठे नाही ते लिहा. बहुतेक पेपर इथेच लंगडे पडतात. 'शासनाने योग्य ती पावले उचलावीत' हा परिच्छेद चर्चेची जागा घेऊ शकत नाही.

सारांश १५० ते २५० शब्दांचा: प्रश्न, सामग्री, पद्धत, दोन-तीन ठोस आकडे, अर्थ. 'चर्चा करण्यात आली आहे' असं वाक्य सारांशात दिसलं तर तिथे आकडा घालायचा राहिलाय.

भाषा सुधारायला एआयचं साधन वापरलं तर नियतकालिकाच्या नियमाप्रमाणे तसं नमूद करा. एआयला लेखक करता येत नाही. त्याने सुचवलेला एकही संदर्भ मूळ लेख उघडून पाहिल्याशिवाय घेऊ नका, कारण अस्तित्वातच नसलेले लेख ते बिनदिक्कत देतं.

तपासा: माथ्यावरचं प्रश्नाचं वाक्य, सारांशातलं उत्तर आणि शेवटच्या भागातलं उत्तर शेजारी ठेवून वाचा. तिन्हींचा विषय एकच आहे ना?

## टप्पा ५: संदर्भ आणि साधर्म्य

झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. पहिल्या दिवसापासून त्यातच संदर्भ भरा. पेपर परत आला आणि दुसऱ्या नियतकालिकाला पाठवायचा झाला तर शैली एका क्लिकवर बदलते. हाताने टाइप केलेली यादी बदलायला आठवडा जातो. आपोआप आलेली माहिती मात्र डोळ्यांखालून घाला: भारतीय नावांत आडनाव आणि नाव उलटं झालेलं असतं.

मराठी स्रोतांना लाजू नका. जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन, पाटबंधारे विभागाचे अहवाल हे महत्त्वाचे आहेत. शीर्षक रोमन लिपीत लिप्यंतर करून पुढे चौकटी कंसात अनुवाद द्या, आणि मूळ भाषा मराठी असल्याची नोंद करा. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा नाशिक खंड १८८३ चा आहे. ऑनलाइन आवृत्ती वाचली असली तरी मूळ वर्ष लिहायला विसरू नका, नाहीतर दीडशे वर्षांपूर्वीचं पीकवर्णन आजचं म्हणून छापलं जातं. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमधला मजकूर आधी युनिकोडमध्ये आणा, नाहीतर संपादकाच्या संगणकावर नुसती चिन्हं उमटतात.

साधर्म्य-तपासणी (मजकूर इतरांच्या लेखनाशी किती जुळतो ते बघणं) कॉलेजच्या ग्रंथालयातून करून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, त्यापुढे ४०, ६० असे स्तर चढतात. संदर्भयादी आणि सलग १४ शब्दांपर्यंतचं सामान्य ज्ञान मोजणीतून वगळतात. पण संपादक नुसती टक्केवारी पाहत नाही. आठ टक्केच असले तरी ते सगळे एकाच लेखातून, एकाच परिच्छेदात आले असतील तर ती उचलेगिरीच. स्वतःच्या प्रबंधातला मजकूर जुळत असेल तर ते सोबतच्या पत्रात आधीच सांगा.

## टप्पा ६: निनावी प्रत

दुहेरी निनावी समीक्षा (लेखक आणि समीक्षक यांना एकमेकांची नावं कळत नाहीत) असेल तर दोन फाइली लागतात. शीर्षकपानावर नावं, पत्ते, आभार, निधी. मुख्य फाइलीत यातलं काहीच नाही. नाव इथून गळतं:

- वर्ड फाइलीच्या गुणधर्मांत. 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' चालवून ते पुसा.
- सरांनी केलेल्या दुरुस्त्यांच्या कॉमेंटमध्ये. सगळे बदल स्वीकारून कॉमेंट काढा.
- नकाशाच्या कोपऱ्यातल्या 'नकाशा: अमुक-तमुक' या ओळीत.
- 'आमच्या आधीच्या अभ्यासात' असं म्हणून दिलेल्या संदर्भात. तो तृतीय पुरुषात लिहा.
- फाइलीच्या नावातच. आडनाव आणि 'फायनल' असलेली फाइल शेकड्याने सापडते.

ओळींना सलग क्रमांक द्या. समीक्षकाचं काम सोपं होतं आणि पुढे उत्तर देताना तुमचंही.

## टप्पा ७: पत्र आणि अपलोड

संपादकाला पत्र एका पानाचं. प्रश्न काय, उत्तर काय, याच नियतकालिकाच्या वाचकांना ते का हवं, आणि हा पेपर दुसरीकडे पाठवलेला नाही याची ग्वाही. 'आपल्या सुप्रतिष्ठित नियतकालिकात' ही स्तुती नको. मागच्या नियतकालिकाचं नाव पत्रात राहून गेलेलं नाही ना, हे दोनदा बघा.

समीक्षक सुचवायला सांगितलं तर संस्थेचा मेल आयडी असलेली माणसं सुचवा. मार्गदर्शक, सहलेखक, एकाच विभागातले सहकारी चालत नाहीत.

एडिटोरियल मॅनेजर किंवा स्कॉलरवन या पेपर स्वीकारणाऱ्या ऑनलाइन प्रणालींवर सगळ्या फाइली चढवल्या की प्रणाली त्यांची एक पीडीएफ बनवते. ती उघडा, प्रत्येक पान बघा. देवनागरी अक्षरं तुटलेली, तक्ता पानाबाहेर गेलेला, एक नकाशा गायब, हे इथेच दिसतं. मग मंजुरीचं बटण दाबा. ते न दाबता लॉगआउट केलं की पेपर तुमच्याच खात्यात पडून राहतो, आणि 'तीन महिने झाले, काहीच उत्तर नाही' अशी तक्रार होते.

तपासा: पेपर क्रमांक असलेली पोचपावती मेलवर आली का? नसेल तर स्पॅम बघा. तरीही नसेल तर पेपर गेलेला नाही.

## टप्पा ८: वाट आणि उत्तर

तीनेक महिने शांत राहा. मग पेपर क्रमांक देऊन दोन ओळींची विचारणा करा. तोवर तोच पेपर दुसरीकडे पाठवू नका. मागे घ्यायचा असेल तर लेखी कळवा आणि त्यांचं लेखी उत्तर येईपर्यंत थांबा.

'मेजर रिव्हिजन' (मोठ्या दुरुस्त्या करा) म्हणजे नकार नव्हे. ते मिळाल्यावर खचून पेपर बाजूला टाकणारे पुष्कळ आहेत आणि ती सरळ हातची संधी घालवणं आहे. समीक्षकाची प्रत्येक सूचना कॉपी करा, तिला क्रमांक द्या, खाली उत्तर आणि बदललेल्या ओळींचे क्रमांक. 'सूचना स्वीकारली' एवढंच लिहू नका, बदललेलं वाक्य तिथेच चिकटवा. सूचना पटली नाही तर आकड्याने उत्तर द्या. समीक्षकाने खरिपातल्या प्रतिमा मागितल्या आणि त्या ढगाळ असतील, तर उपलब्ध प्रतिमांच्या तारखा आणि प्रत्येकीतलं ढगांचं प्रमाण असा छोटा तक्ता जोडा. दोन समीक्षक परस्परविरोधी सांगत असतील तर निर्णय तुम्ही घ्या आणि कारण संपादकाला उद्देशून लिहा. मुदत पुरणार नसेल तर ती संपण्याआधी वाढवून मागा.

## टप्पा ९: प्रूफ आणि हक्कपत्र

स्वीकृतीनंतर येणाऱ्या फॉर्ममध्ये ओपन अॅक्सेसचा (लेख सगळ्यांना मोफत खुला ठेवण्याचा) पर्याय निवडताना जपून. संमिश्र (वर्गणीचा आणि खुला, दोन्ही मार्ग असलेल्या) नियतकालिकांत वर्गणीच्या मार्गाने छापायला सहसा पैसे लागत नाहीत, पण चुकीच्या चौकोनात खूण केली की मोठ्या रकमेचं बिल येतं. प्रूफ बहुधा ४८ तासांत परत मागतात. त्यात बघायचं ते ठरलेलं: लेखकांच्या नावांचा क्रम, गावांची नावं, तक्त्यांतली दशांश चिन्हं, आकृती आणि तिच्या खालची ओळ यांची जुळणी. नवं वाक्य घालायची ही वेळ नाही.

डीओआय (लेखाचा कायमचा डिजिटल ओळख-क्रमांक) मिळाला की तो ऑर्किडला जोडा. पेपर विद्यापीठाच्या भांडारात किंवा स्वतःच्या पानावर ठेवायचा असेल तर करारात कोणती आवृत्ती चालते आणि किती महिन्यांनंतर, ते वाचा. बहुतेक ठिकाणी स्वीकृत हस्तलिखित चालतं. प्रकाशकाने मांडणी केलेली पीडीएफ विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकणं बऱ्याच करारांत बसत नाही. तिथे डीओआयची लिंक टाका.